परदेशवास आणि प्रवासवर्णन

'प्रवास' हा शब्द आपण नित्य वापरतो. परंतु त्याच्या मूळ अर्थाची आठवण फारशी कोणास राहिलेली नाही. संस्कृतात 'वस्' म्हणजे राहणे. त्यास 'प्र' हा उपसर्ग लागला म्हणजे घर सोडून दूर देशी राहणे असा अर्थ होतो. 'मेघदूता'तील यक्ष हा या अर्थाने खरा प्रवासी. तो कोठे जात नाही, काही पाहत नाही; रामगिरीवर वर्षभर राहतो आणि अलकेतील आपल्या घराचा विचार करतो. हा रामगिरी म्हणजे आमच्या विदर्भातील रामटेक असे पुष्कळ विद्वान मानतात. पुढे मराठीत या शब्दातील राहण्याचा अर्थ गळून पडला व जाण्यायेण्याचा तेवढा शिल्लक राहिला. शब्दांचे अर्थ असे बदलतच असतात, त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. परंतु शब्दाबरोबर वाङ्मयानेही राहणे टाकून देऊन केवळ जाणेयेणे पत्करले, यामुळे मात्र आपले नुकसान झाले आहे. आणि ते नुकसान आज वऱ्हाडातील पुष्कळ कुटुंबांस प्रत्यक्ष भोगावे लागत आहे, असे आमचे म्हणणे आहे.

एके काळी वऱ्हाडातून परदेशी जाणारा मनुष्य सार्वजनिक कार्यासाठी किंवा विद्येसाठी जात असे. अमरावतीचे रघुनाथराव मुधोळकर १८९० साली राष्ट्रसभेच्या शिष्टमंडळाबरोबर इंग्लंडास गेले. पुढे पंजाबराव देशमुख विद्येसाठी गेले. अशा पुरुषांच्या परदेशवासाची चर्चा होई ती त्यांच्या व्याख्यानांची आणि पदव्यांची; त्यांनी तेथील थंडीत काय खाल्ले व कोणत्या खोलीत दिवस काढले, हे कोणी विचारीत नसे. आज स्थिती पालटली आहे. अमरावती व अकोला या दोन्ही शहरांत मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, इंग्लंडात अथवा ऑस्ट्रेलियात आहे अशी घरे आता कोणास नवलाची वाटत नाहीत. नोकरीतून निवृत्त झालेले आईबाप तेथे जातात, चार-सहा महिने राहतात व परत येतात. त्यांपैकी ज्यांना लेखणीची आवड आहे ते परत आल्यावर लिहितात. कोणाचा लेख दिवाळी अंकात येतो, कोणी स्वखर्चाने लहानसे पुस्तक छापून आप्तेष्टांस भेट देतात. अशी पुस्तके अध्यापकाच्या घरी आपोआप चालत येतात. आम्ही ती आदराने वाचतो, आणि बहुतेक वेळा वाचून झाल्यावर एकच प्रश्न मनात उरतो : हे गृहस्थ सहा महिने राहिले, ते घर कोठे आहे?

कारण पुस्तकात ते घर नसते. प्रथम प्रवेशपरवान्याची खटपट, मग विमानतळ, मग रस्त्यांची शिस्त व सार्वजनिक स्वच्छता, मग नायगाराचा धबधबा, न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा, एखादे संग्रहालय, तेथील देवालय आणि शेवटी मातृभूमीचे दर्शन, असा त्याचा क्रम ठरलेला असतो. सहा महिन्यांच्या मुक्कामात स्थलदर्शनाचे दिवस फार तर वीस होतील. उरलेले दीडशेहून अधिक दिवस लेखकाने चार भिंतींच्या आत काढले. परंतु पुस्तकाची पाने वीस दिवसांस मिळतात व उरलेल्या दिवसांस 'मुलाच्या घरी मजेत राहिलो' एवढे एकच वाक्य मिळते.

या वाङ्मयाची परीक्षा करावयाची असेल तर लेखकाने नाताळच्या सुटीविषयी काय लिहिले आहे ते पाहावे. उन्हाळ्यात मनुष्य घराबाहेर असतो, तेव्हा स्थलवर्णनाने निभावून जाते. हिवाळ्यात निसर्गच दार लावून घेतो. डिसेंबरच्या अखेरीस अमरावतीस दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. लंडनमध्ये तो जेमतेम आठ तासांचा होतो व चार वाजण्याच्या सुमारास सूर्य मावळतो. नाताळच्या दिवशी तर लंडनातील आगगाडी, भुयारी गाडी व बस ही सर्व बंद असतात. दुकाने बंद, शाळा बंद, कचेरी बंद. एरवी सकाळी आठास घराबाहेर पडून रात्री परतणारा मुलगा, तशीच सून, आणि शाळेत जाणारी नातवंडे, ही सर्व मंडळी एकाच वेळी, एकाच छपराखाली, दिवसचे दिवस एकत्र येतात. पाहावयास बाहेर काही नाही. जे आहे ते आत आहे. संसाराचे खरे दर्शन घडण्यास याहून अनुकूल काळ कोणता? परंतु आमच्या लेखकांस नेमका हाच काळ लिहिण्यास निरुपयोगी वाटतो. 'बर्फामुळे कोठे जाता आले नाही' असे सांगून ते एकदम वसंत ऋतूत उडी मारतात.

हा दोष मराठी वाङ्मयाच्या जन्मापासूनचा नाही, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. परदेशातील घर कसे पाहावे याचा उत्तम पाठ एकोणिसाव्या शतकातच घालून दिलेला आहे, आणि तो स्त्रियांनी घालून दिलेला आहे. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेस गेल्या व १८८९ साली त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात राज्यव्यवस्था, शिक्षण, व्यापार या विषयांच्या बरोबरीने त्या देशातील लोकांच्या राहणीस व गृहस्थितीस स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. ज्या लेखिकेने एका राष्ट्राच्या राज्यघटनेचा विचार केला, तिला त्याच राष्ट्राचे घर हा कमी प्रतीचा विषय वाटला नाही. त्यांच्या मनात तुलना सतत चालू असते. परंतु ती स्तुतीसाठी नसते किंवा निंदेसाठीही नसते. आपल्या घरातील स्त्रीस काय मिळत नाही याचा शोध त्या तेथील घरात घेत आहेत, हे प्रत्येक पानावर जाणवते. त्यामुळे त्या पुस्तकातील साध्या माहितीसही धार आहे.

डॉ. आनंदीबाई जोशी यांची गोष्ट याहून निराळी. त्यांनी पुस्तक लिहिले नाही, पत्रे लिहिली. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रामुळे ती मराठी वाचकांस उपलब्ध झाली. १८८३ च्या जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या, न्यूजर्सीतील रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबात राहिल्या आणि त्या घरच्या गृहिणीस त्यांनी 'मावशी' मानले. या एका संबोधनात परदेशवासाचे मर्म आले आहे. प्रवाशास यजमानीण असते. मावशी असते ती वास करणाऱ्यास. पुढे फिलाडेल्फियास वैद्यकीच्या शिक्षणासाठी गेल्यावर त्यांच्या खोलीतील शेगडी धड पेटत नसे, पेटलीच तर खोलीभर धूर होई. धूर पत्करावा की थंडी, एवढाच निर्णय त्यांच्या हाती होता, असे त्यांचे चरित्र सांगते. १८८६ साली त्या पदवी घेऊन परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वी, पुण्यात निवर्तल्या. हे ठाऊक असलेल्या वाचकास त्या शेगडीचा धूर नायगाराच्या शंभर वर्णनांहून अधिक आठवतो. हिवाळ्याचे वर्णन करावयाचे म्हणजे बर्फाचे वर्णन करावयाचे, अशी आपल्या लेखकांची समजूत आहे. परंतु बर्फ हा खिडकीबाहेरचा हिवाळा झाला; घरातला हिवाळा शेगडीपाशी असतो.

तिसरे नाव पार्वतीबाई आठवले यांचे. अण्णासाहेब कर्व्यांच्या आश्रमासाठी आयुष्य वेचणाऱ्या या बाई १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, अमेरिकेस गेल्या; इंग्रजी शिकावे व संस्थेसाठी द्रव्य मिळवावे हा हेतू. पोटासाठी त्यांनी तेथील कुटुंबांत घरकामाची चाकरी केली, आणि १९२८ साली 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात ते निःसंकोचपणे सांगितले. परदेशाचे दर्शन दिवाणखान्यातून घडणे निराळे आणि मोरीवरून घडणे निराळे. भांडी घासणाऱ्याला घराचे जे कळते ते पाहुण्याला कळत नाही. आमच्या समजुतीप्रमाणे मराठीत परकीय गृहजीवनाकडे इतक्या खालून, आणि तरीही इतक्या ताठ मानेने, कोणी पाहिलेले नाही.

यानंतर प्रवासवर्णन हा स्वतंत्र व प्रतिष्ठित वाङ्मयप्रकार झाला, आणि त्याबरोबर घर मागे पडत गेले. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' हे १९४० साली निघालेले पुस्तक या प्रकारास नवे वळण देणारे ठरले. लेखकाचे व्यक्तिमत्त्व, त्याची मिश्कील दृष्टी, त्याचे विचार यांस त्यामुळे प्रवासवर्णनात मानाचे स्थान मिळाले. पु. ल. देशपांडे यांच्या १९६० च्या 'अपूर्वाई'ने तर हा प्रकार घराघरांत नेला. या ग्रंथांचे गुण आम्ही नव्याने सांगावयास नको. परंतु थोर लेखकाची वाट अनुयायांस कित्येकदा अडचणीची होते. 'अपूर्वाई'तील विनोद लेखकाच्या प्रतिभेचा होता. अनुयायांनी विनोदाचे प्रसंग घेतले, प्रतिभा घेणे त्यांच्या हाती नव्हते. प्रवासवर्णन म्हणजे हलत्या माणसाने सांगितलेली गंमत, असे समीकरण त्यातून रूढ झाले. मीना प्रभू यांनी वर्षानुवर्षे लंडनात संसार केला, आणि त्यांच्या पुस्तकाचे 'माझं लंडन' हे नाव तेथे राहणाऱ्या माणसासच शोभणारे आहे. परंतु मराठी वाचक व प्रकाशक यांनी त्यांनाही मुख्यत्वे देशोदेशी फिरणाऱ्या लेखिका म्हणूनच डोक्यावर घेतले. वाचकांची अपेक्षाच तशी घडलेली होती.

आता वऱ्हाडातील आईबापांच्या पुस्तकांकडे पुन्हा वळू. हिवाळ्याच्या सुटीत त्या घरात काय घडते, याची थोडी कल्पना वाचकांनी करावी. मुलगा जेवणानंतर भांडी विसळीत आहे. अकोल्याच्या घरी ज्याने पाण्याचा पेला उचलून ठेवला नाही, तोच हा मुलगा. आईस त्याचे कौतुक वाटते आणि त्याच क्षणी पोटात कालवतेही. सुनेविषयी मनात एक बारीक सल उठते व 'तीही दिवसभर नोकरीच करते' या न्यायाने ती दाबली जाते. वडील बाजूस उभे आहेत. आयुष्यात स्वयंपाकघराची पायरी न चढलेले हे गृहस्थ तिसऱ्या दिवशी कांदा चिरावयास बसतात. आमच्या समाजाच्या इतिहासात ही घटना लहान नाही. शतकभर सुधारकांनी व्याख्याने देऊन जे साधले नाही, ते मोलकरीण मिळत नसल्यामुळे एका सुटीत साधते. पुस्तकात याविषयी काय असते? 'तेथे पुरुषही घरकामात मदत करतात' एवढेच. घटना गेली आणि माहिती राहिली.

दुसरा प्रसंग घ्या. नाताळच्या आधीचे दिवस म्हणजे बहुधा आपला मार्गशीर्ष. आजीचे गुरुवार चालू आहेत. दिवाणखान्यात एकच कोपरा मोकळा. तेथे नातवास नाताळचे झाड हवे आणि आजीस कलश मांडावयाचा आहे. झाड येते व कलश स्वयंपाकघरातील फळीवर जातो, किंवा सून दोन्हींसाठी जागा काढते, किंवा आजी आपण होऊन म्हणते की पोराचे मन मोडू नका. या तिहींपैकी काय झाले, त्यावर त्या घराचा स्वभाव कळेल. परंतु लेखक येथे सर्वधर्मसमभावावर अर्धे पान लिहितो आणि कलश कोठे ठेवला ते सांगत नाही.

तिसरा प्रसंग फोडणीचा. दारे-खिडक्या बंद, बाहेर गोठवणारी थंडी; तेलात मोहरी व मिरची पडताच छपरास लावलेली धुराची घंटा वाजू लागते आणि सगळे घर टॉवेल घेऊन वारा घालावयास धावते. त्याच दिवशी मुलाकडे कचेरीतील मंडळी यावयाची असतात, म्हणून जाड कोट दुसऱ्या खोलीत नेऊन दार लावून ठेवलेले असते. लोकरीस फोडणीचा वास लागला तर तो दिवसेंदिवस जात नाही. ज्या वासाने वऱ्हाडात सासरी आलेल्या मुलीस माहेर आठवते, तोच वास येथे लपवावा लागतो. यात हसण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु हसून संपणारे नाही. आणि तिकडे अमरावतीस त्याच वेळी तुरीच्या शेंगा आल्या आहेत, शेतात हुरडा भाजला जात आहे, अंगणात सकाळचे कोवळे ऊन आहे. न्यूयॉर्कचे घड्याळ हिवाळ्यात आपल्याहून साडेदहा तास मागे असते. म्हणजे येथे शेजारीण संध्याकाळचा दिवा लावते तेव्हा तेथे आजी सकाळच्या चहापाशी बसून तिचा आवाज दूरध्वनीवर ऐकत असते. दोन घरांत एकाच वेळी राहण्याचा हा अनुभव आपल्या पूर्वजांस नव्हता. तो नवा आहे, आणि त्याचे वाङ्मय अद्याप व्हावयाचे आहे.

हे सर्व पुस्तकात का येत नाही? लेखकांस दिसत नाही म्हणून, असे आम्हांस वाटत नाही. घरी बसल्यावर हीच मंडळी हे प्रसंग रंगवून सांगतात. आमच्या मते खरे कारण भीड हे आहे. पुस्तक प्रथम वाचणार तो मुलगा, मग सून, मग व्याही, मग गल्लीतील शेजारी. मुलाने तिकिटाचा खर्च केला, सुनेने सुटीत हौसेने केले; अशा स्थितीत 'दुपारी घरात एकटा बसलो असता कंटाळा येई' असे लिहिणे कृतघ्नपणाचे वाटते. 'नातू माझ्याशी इंग्रजीत बोलतो, आणि त्याने सांगितलेली गोष्ट मला निम्मी कळते' असे लिहिणे मुलाच्या संगोपनावर ठपका ठेवण्यासारखे वाटते. म्हणून सारे पुस्तक आभारपत्राच्या सुरात लिहिले जाते. भीडेने दुःख झाकले जाते हे सर्वांस दिसते. तिने सुखही झाकले जाते हे कोणी ध्यानात घेत नाही. सर्वच दिवस 'मजेत' गेले असे म्हटले की ज्या एका रात्री बर्फ पडत असता तीन पिढ्या एका पांघरुणात शिरून भुताच्या गोष्टी ऐकत बसल्या, ती रात्र इतर दिवसांहून निराळी राहत नाही.

भीडेबरोबर भाषाही बदलते. जी आजी नातवास 'पोट्टं' म्हणते व 'कावून रे?' असे विचारते, तिच्या पुस्तकात 'माझा नातू मजकडे आला व त्याने विचारणा केली' अशी वाक्ये येतात. आम्ही स्वतः ग्रांथिक मराठीचे अभिमानी आहो. निबंधास ती शोभते. परंतु परक्या देशातील घरात जे मराठी शब्द शिल्लक राहतात ते बोलीचेच असतात. त्या चार भिंतींत वऱ्हाडी बोलणारी माणसे दोनच, आणि ती परत जाणार आहेत. नातवाच्या कानावर पडलेला 'कावून' हा शब्द तेथे किती दिवस जगेल? हा प्रश्न ज्या पुस्तकात आला असता, त्या पुस्तकातून तो शब्दच काढून टाकलेला असतो.

येथे एक आक्षेप येण्याचा संभव आहे. कोणी म्हणेल, घरातील गोष्टी चव्हाट्यावर मांडणे हे कुलीनांस शोभत नाही. आणि हे लेखक काही साहित्यिक नव्हेत, त्यांच्याकडून एवढी अपेक्षा का करावी? पहिल्या आक्षेपास उत्तर असे की, आम्ही कोणाची उणीदुणी काढण्यास सांगत नाही. कलश कोठे ठेवला हे सांगण्याने कोणाची बेअब्रू होत नाही. पार्वतीबाईंनी परक्याच्या घरी केलेली चाकरी सांगितली, त्याने त्यांची प्रतिष्ठा वाढली. दुसऱ्या आक्षेपाविषयी बोलावयाचे तर, रमाबाई वगळता ज्यांची नावे आम्ही आदर्श म्हणून घेतली त्या दोघी व्यवसायाने लेखिका नव्हत्या. एक वैद्यकीची विद्यार्थिनी, दुसरी प्रौढ वयात अक्षरओळख झालेली विधवा. साहित्यिक नसणे ही या कामी अडचण नसून कदाचित सोयच असेल.

मग उपाय काय? साचा बदलावा, एवढाच. प्रवासवर्णनाऐवजी पत्र किंवा दैनंदिनी हे प्रकार हाती घ्यावेत. त्याचे उदाहरण शोधण्यास अमरावतीकरांस दूर जावयास नको. दादासाहेब खापर्डे १९११ च्या डिसेंबरापासून १९१२ च्या मार्चपर्यंत, म्हणजे सारा हिवाळा, शिरडीस राहिले व रोजची नोंद करीत गेले. ती दैनंदिनी इंग्रजीत आहे, तिच्यात सजावट मुळीच नाही. आज केव्हा उठलो, काय वाचले, कोण आले, घरातील माणसाची प्रकृती कशी आहे, एवढेच. दादासाहेब भाविक होते व त्या नोंदी भक्तांनी भक्तीसाठी जपल्या. परंतु भक्तीचा प्रश्न बाजूस ठेवूनही त्यांतून परगावी राहणाऱ्या एका कुटुंबाचा हिवाळा डोळ्यांपुढे उभा राहतो. मोठ्या वकिलाने, नामांकित पुढाऱ्याने, रोजचा साधा दिवस लिहिण्यासारखा मानला, यात शिकण्यासारखे आहे. दैनंदिनीत 'सहा महिने मजेत गेले' असे लिहिता येत नाही. तेथे मंगळवार निराळा लिहावा लागतो व बुधवार निराळा.

अमरावतीच्या इतिहासात नाताळची सुटी एकदा सार्वजनिक कारणाने गाजली : १८९७ च्या डिसेंबरात शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रसभेचे अधिवेशन येथे भरले. त्या काळी सुटी ही घराबाहेर पडण्याची संधी होती, आणि त्या पिढीने जे लिहिले ते घराबाहेरचे लिहिले हे योग्यच झाले. आजच्या आईबापांच्या वाट्यास आलेली सुटी बंद दाराआडची आहे. येत्या हिवाळ्यात वऱ्हाडातून जी मंडळी मुलांकडे जातील, त्यांनी सामानात खारोड्या व तिळगूळ यांबरोबर एक कोरी वही ठेवावी, आणि तीत धबधब्याचे वर्णन न लिहिता त्या दिवशी भांडी कोणी घासली, कलश कोठे मांडला, नातू कोणत्या शब्दास हसला, हे रोज रात्री दहा ओळींत लिहावे. वही छापावी की नाही याचा विचार परत आल्यावर सवडीने करता येईल. न छापली तरी तो नातू मोठा झाल्यावर, त्यास मराठी वाचता येत असेल तर, आजी आपल्या घरी येऊन कशी राहिली होती हे त्यास तीवरून कळेल.